चिमणी कोणती?

खानदेशात 'चिमणी' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे येऊ शकतात. पहिली अंगणात दाणे टिपायला येते. दुसरी रॉकेलची. काचेच्या बाटलीच्या टोपणाला भोक पाडून त्यातून वात ओवायची, की झाली चिमणी. आजच्या शाळकरी मुलांच्या आजीआजोबांनी तिच्याच उजेडात पाढे पाठ केले आणि सकाळी उठून नाक शिंकरलं तेव्हा पंचा काळा झाला. तिसरी चिमणी भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची आहे. गाडी भुसावळला पोचायच्या बरीच आधी ती खिडकीतून दिसते आणि सामान आवरणाऱ्यांना गाव जवळ आल्याची वर्दी देते.

मुलांना 'चिमणी काढा' एवढंच सांगून कोण काय काढतं ते पाहावं. दीपनगर, फेकरी, वरणगाव या पट्ट्यात तिसरी चिमणी निघण्याची शक्यता भरपूर. मग दुसरीबद्दल घरी आजीला विचारून यायला सांगावं. ऊर्जेचा धडा सुरू करायला मला याहून चांगली जागा दिसत नाही, कारण दुसरी चिमणी विझली ती तिसरी पेटली म्हणून. घरातला धूर नाहीसा झाला नाही. तो घरातून उठून दीपनगरला गेला आणि उंच चढला. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटर उंचीची चिमणी हवी, असा आपल्याकडचा दंडक आहे. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे जवळपास चार रचले तर इतकी उंची भरेल. चिमणी एवढी उंच का, याचं उत्तर ऐकून मुलं हिरमुसतात. उंचीमुळे धूर कमी होत नाही, लांबवर पांगतो आणि विरळ होऊन खाली येतो, एवढंच.

शाळेत हा विषय नाही असं मुळीच नाही. पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा अख्खा धडा आहे. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो, त्या निमित्ताने चित्रकलेची स्पर्धा होते, घोषवाक्यं होतात. त्या चित्रांत बहुधा एक हात बटण बंद करताना दिसतो, शेजारी रडणारी पृथ्वी असते आणि वर पिवळा गोल बल्ब. तो बल्ब मुलांच्या घरातून केव्हाच गेला आहे, चित्रातून मात्र जात नाही. माझी तक्रार बल्बबद्दल नाही. बटणाच्या पलीकडे काय आहे हे त्या चित्रात कधीच नसतं, ही माझी तक्रार आहे. 'बटण बंद करा' हे सांगून झालं की धडा संपतो. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा आणि तारेचा माग काढत मागे मागे जायला हवा. खानदेशातल्या मुलांचं नशीब असं, की हा माग काढायला त्यांना फार लांब जावं लागत नाही.

पहिला मुक्काम मीटर. शाळेच्या किंवा घरच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, किती वेळा लुकलुकलं म्हणजे एक युनिट. पुष्कळ घरगुती मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. दुसरा असला तरी बिघडत नाही, गणित तेवढं बदलायचं. आता सगळं बंद करून एकच जुना पंखा लावायचा. तो ७५ वॅटचा असेल तर तासाला २४० वेळा, म्हणजे मिनिटाला चार वेळा दिवा लुकलुकेल. पंखा बंद करून एक हजार वॅटची इस्त्री लावा. दिवा जवळजवळ सेकंदाला एकदा धडधडायला लागतो. नव्या पद्धतीचा तीस वॅटचा पंखा लावला तर एका लुकलुकीनंतर दुसरीची वाट पाहावी लागते. सहावीतल्या मुलालाही हातात घड्याळ देऊन हे मोजता येतं आणि 'वॅट' या शब्दाशी त्याची जन्मभराची ओळख होते. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, हे आधी दोनदा बजावून सांगावं. खानदेशात आकडे टाकायची कला मुलांना शिकवावी लागत नाही.

असं करून शिकण्याचा विचार जुनाच आहे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला झालं. पुढच्याच वर्षी वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली. हाताने काहीतरी करता करता शिकायचं, हा तिचा गाभा. तेव्हा हातात टकळी होती. आज त्या जागी मीटरपुढे धरलेलं घड्याळ आलं, तर ती मंडळी रागावतील असं वाटत नाही.

आता मागे चालू. एका वर्गात चार जुने पंखे सहा तास फिरले तर जवळजवळ दोन युनिटं होतात. एक युनिट म्हणजे नेमकं काय? ते कोळशाच्या केंद्रातून आलं असेल तर त्यामागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा जळालेला असतो. आपल्या कोळशात राख फार, तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. म्हणजे युनिटमागे दोन-सव्वादोनशे ग्रॅम राख. पाणीही लागतं. जुन्या औष्णिक केंद्रांनी युनिटमागे साडेतीन लिटरहून जास्त पाणी वापरू नये, अशी मर्यादा केंद्र सरकारने २०१५ मध्ये घातली. आणि हवेत जातो तो कार्बन डायऑक्साइड, सुमारे एक किलो.

इथे वर्गात एखादा हात वर व्हायलाच हवा. साडेसहाशे ग्रॅम कोळशातून एक किलो वायू निघेलच कसा? हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर शिक्षकाने तो विचारायला लावावा. उत्तर असं, की कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन स्वतःला जोडून घेतो. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. वजन हवेतून येतं. आता हा एक किलो वायू दिसत नाही, म्हणून त्याचं माप दाखवावं. पाणी साठवायची दोनशे लिटरची पिंपं घरोघरी असतात. अशी जवळजवळ तीन पिंपं तो वायू भरेल. चार पंख्यांच्या एका शाळादिवसासाठी पाच पिंपं. मुलांना पटांगणात पाच गोल आखायला सांगावेत.

देशभरच्या विजेची सरासरी काढली, तर आकडा युनिटमागे सुमारे ०.७ किलोवर येतो, कारण त्यात पाणी, वारा, ऊन आणि अणुवीजही मिसळलेली असते. तारेतल्या विजेला जात नसते. आपल्या घरात आलेलं युनिट दीपनगरच्या कोळशाचं की साक्रीच्या उन्हाचं, हे कोणालाही सांगता येणार नाही.

दुसरा मुक्काम दीपनगर. इथे पहिला छोटा संच १९६० च्या दशकाच्या अखेरीस आला. आज ५०० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत आणि शेजारी ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संचही झाला आहे. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला तर एक कोटी वीस लाख युनिटं तयार करतो. साडेसहाशे ग्रॅमने गुणा. साधारण पावणेआठ हजार टन कोळसा, म्हणजे एका संचासाठी रोज दोन भरलेल्या मालगाड्या. फाटकावर मालगाडीचे डबे मोजायचा छंद मुलांना असतोच, आता त्याला अर्थ येतो. या गाड्या विदर्भातल्या खाणींकडून येतात. तिथला कोळसा अंदाजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे. म्हणजे आपण पंख्याखाली बसतो ते फार जुन्या, केव्हाच्या मावळलेल्या उन्हाच्या जिवावर.

केंद्र बाहेरून बघतानाही मुलं एक चूक हमखास करतात, मोठी माणसंही करतात. डमरूच्या आकाराचे जे जाडजूड मनोरे असतात, त्यांतून पांढरे ढग निघतात. 'बघा केवढा धूर' असं म्हणून सगळे तिकडे बोट दाखवतात. तो धूर नाही, ती पाण्याची वाफ. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने चाक फिरवायचं आणि मग तीच वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं, असा सगळा खेळ. ती थंड करायला जे पाणी वापरतात, त्याचा काही भाग त्या मनोऱ्यांतून उडून जातो. तापीवरच्या हतनूर धरणातून घेतलेलं ते पाणी असतं. जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेतले शंभरातले पस्तीसेक भाग वीज होतात, नवा सुपरक्रिटिकल संच थोडे जास्त मिळवतो, बाकीचे असे हवेत आणि पाण्यात जातात. काळजी करायची ती बारीक उंच चिमणीतून निघणाऱ्या गोष्टींची. तिथून फार काही दिसत नाही. जे डोळ्यांत भरतं ते निरुपद्रवी आणि जे दिसत नाही ते त्रासाचं, ही गोष्ट मुलांना जेवढ्या लवकर कळेल तेवढं बरं. डोळ्यांना दिसतं त्यातही एक गोष्ट त्रासाची आहे, ती म्हणजे राख. दीपनगरची राख पाण्यात कालवून वेल्हाळे गावाजवळच्या बंधाऱ्यात नेतात. उन्हाळ्यात ती वाळते, वारा सुटतो आणि आजूबाजूच्या शेतांवर पडते. राखेचा वापर सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यांत झाला पाहिजे, असा सरकारी आदेश १९९९ पासून आहे आणि तो वेळोवेळी कडक होत गेला. राखेची वीट आणि मातीची वीट शेजारी ठेवून तोलायला द्यावी. शाळेची नवी भिंत कसली आहे, हेही मुलांनीच शोधावं.

तिसरा मुक्काम दुसऱ्या टोकाला, धुळे जिल्ह्यातलं साक्री. तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. वर ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. इथे चिमणी नाही, मालगाडी नाही, राख नाही. मुलांना हे आवडतं आणि शिक्षकाला वाटतं, झालं, धडा संपला. मला वाटतं, खरी मजा इथून पुढे आहे.

१२५ म्हणजे ५०० चा पाव हिस्सा. मग साक्रीची वीज दीपनगरच्या एका संचाच्या पाव हिश्श्याएवढी असायला हवी. ती नसते. रात्री ऊन नाही, सकाळ-संध्याकाळ तिरपं, पावसाळ्यात ढग. सगळं धरून सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज देतो. दिवसाला साधारण सहा लाख युनिटं, म्हणजे पूर्ण ताकदीने चाललेल्या त्या एका संचाच्या विजेचा विसावा भाग. मेगावॅट आणि युनिट यांतला हा फरक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही नेहमी गोंधळलेला असतो. मेगावॅट म्हणजे बैल किती ताकदीचा, युनिट म्हणजे त्याने दिवसभरात किती नांगरलं.

दुसरी गोष्ट तर खानदेशी माणसाला पटतच नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणजे सौर पॅनलची चंगळ असणार, असं कोणीही म्हणेल. पॅनलला हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. त्याची ताकद पंचवीस अंश तापमानाला मोजून मागे लिहिलेली असते. त्याच्यावर दर अंशाला सिलिकॉनचा पॅनल साधारण ०.४ टक्के ताकद गमावतो. भर दुपारी पॅनल स्वतः ६५ अंशांना तापला, तर सहावा-सातवा हिस्सा तिथेच गेला. त्यात धूळ. गच्चीवर एखादा छोटा पॅनल आणि मल्टीमीटर असेल, तर ओल्या फडक्याने तो थंड करून आकडा वर सरकताना मुलांना दाखवता येतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या खेळण्यातल्या पॅनलवरही हे दिसतं.

वाऱ्याचं वेळापत्रक आणखी वेगळं. पावसाळी वारे सुटले की पवनचक्क्या जोरात फिरतात, म्हणजे ढगांमुळे ऊन मंदावतं नेमकं तेव्हा. दोघं एकमेकांची पाळी सांभाळतात म्हणा. पण पठारावरची जमीन रिकामी नव्हती. पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्यावरून साक्री तालुक्यात ती कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला. सौर प्रकल्पालाही मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते. हेही सांगायला हवं. चांगल्या गोष्टीची किंमत लपवली, तर मुलं मोठी झाल्यावर सगळ्याच धड्यावर अविश्वास दाखवतात.

मधेच थोडं भरीत. भरताची वांगी कशावर भाजायची, हे जळगावात विचारू नये. कपाशीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेलं भरीत भरीतच नव्हे, असं ठामपणे सांगणारी माणसं घरोघरी आहेत आणि मी त्यांच्याच पक्षात आहे. ऊर्जेच्या तासाला हा विषय चपखल बसतो. काड्या जळतात तेव्हाही कार्बन डायऑक्साइडच निघतो. मग कोळशाने काय घोडं मारलं? फरक हिशेबाचा आहे. कपाशीने तो कार्बन याच खरिपात हवेतून घेतला होता आणि डिसेंबरात भरीत पार्टीला परत दिला. पुढच्या पेऱ्यात तो पुन्हा घेतला जाईल. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो वर आला की हवेत नवी भर पडते. पण म्हणून चूल निर्दोष ठरत नाही. बंद स्वयंपाकघरात रोज काड्या फुंकणाऱ्या बाईच्या फुप्फुसांत काय जातं, तो हिशेब निराळा. मोकळ्या शेतात वर्षातून चार वेळा होणारी पार्टी आणि रोजची चूल या दोन गोष्टी मुलांनी वेगळ्या करायला शिकाव्यात.

विजेचा खरा मोठा खर्च मात्र घरात नाही, शेतात आहे. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खोल गेलं, मग बोअर आले, तेही खोल गेले. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर आणायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट लागतं. पंप आणि पाइपातला तोटा धरला, तर दुप्पट, म्हणजे अर्ध्या युनिटच्या पुढे. केळीच्या एका झाडाला उन्हाळ्यात ठिबकवर दिवसाला वीसेक लिटर पाणी द्यावं लागतं. हजार खोडांच्या बागेला वीस हजार लिटर. शंभर मीटरवरून उपसलं तर जवळजवळ अकरा युनिटं, म्हणजे रोज सातेक किलो कोळसा. पाणी पंधरा मीटरवर असलेल्या आजोबांच्या काळात हाच आकडा एक-सव्वा किलो असता. पाणी जिरवलं की वीज वाचते, हे वाक्य फळ्यावर लिहून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आपल्याच बागेचा हा गुणाकार केला की शिरतं. बोअर किती फूट, मोटर किती एचपीची, ही माहिती केळीवाल्यांच्या मुलांना पाठ असते. पुस्तकात ती कोणी विचारत नाही एवढंच. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ झालं. बिल शून्य झालं तरी कोळसा शून्य होत नाही, हेही याच गुणाकारात दिसतं. आणि रात्रीच्या पाळीत, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत बारे द्यायला जाणाऱ्या बापाला दिवसा वीज देणारा सौर पंप का हवासा वाटतो, ते त्याच्या मुलीला पर्यावरणाचा धडा न वाचताही माहीत असतं.

इथे एक अवघड गोष्ट येते. 'वीज वाचवा' हे आपण कोणाला सांगतो? देशात माणशी वार्षिक वीजवापर १,४०० युनिटांच्या आसपास आहे, त्यात कारखाने, रेल्वे, दुकानं सगळं आलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घरातलं मूल या सरासरीच्या कितीतरी खाली असतं. त्याला काटकसरीचं व्याख्यान देणं हा अन्याय आहे. त्याला आणखी वीज मिळायला हवी. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने सौर दिव्यांचं मोठं काम उभं केलं. शाळकरी मुलांना स्वस्तात अभ्यासाचे दिवे द्यायचे आणि ते गावातल्याच माणसांनी जोडायचे, दुरुस्त करायचे. २०१६ पर्यंत चार राज्यांत मिळून असे दहा लाख दिवे गेले. चेतनसिंह सोळंकी हे प्राध्यापक त्यामागे होते, ते मूळचे खरगोनकडचेच. त्या मुलांसाठी ऊर्जेचा धडा 'बंद करा' या शब्दांपासून सुरू झालाच नाही.

सगळ्यांनी मिळून काटकसर केल्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भयंकर लोडशेडिंग सोसलं. तेव्हा 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आली होती. संध्याकाळी गावाने मोटारी, हिटर, गिरण्या बंद ठेवायच्या, आकडे काढायचे, त्या बदल्यात घरातले दिवे जाणार नाहीत. एकाने मोडलं की सगळ्या गावाचा अंधार. तेव्हाच्या ग्रामसभांत काय भांडणं झाली, कोणाच्या घरचा आकडा कोणी काढला, हे सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. मुलांना वही-पेन देऊन त्यांच्याकडे पाठवावं. पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत गुळगुळीत कागदावरची कापलेली चित्रं चिकटवण्यापेक्षा हे बरं, आणि वाचायलाही मजेदार.

मीटरच्या प्रयोगाचा शेवट सांगायचा राहिला. सगळे पंखे, दिवे, टीव्ही बंद करायचे आणि लाल दिव्याकडे पाहत बसायचं. आता तो लुकलुकणार नाही, अशी सगळ्यांची खात्री असते. एक मिनिट जातं, काही नाही. दुसरं मिनिट संपत येतं आणि दिवा एकदा लुकलुकतो. मग घरभर धावपळ होते. फ्रीज? तो तर बंद केला. चार्जर? काढला. शेवटी कोणीतरी टीव्हीच्या मागे हात घालतं. सेट टॉप बॉक्स कोमट लागतो. दहा वॅट, कोणी बघत नसताना, दिवसरात्र. वर्षाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी युनिटं. मुलं वही काढून साडेसहाशेने गुणायला बसतात, आणि घरातल्या कोणालाच त्या दिवशी मालिका सुखाने बघता येत नाही.